सोयरीक आणि सत्ता (लेखांक ५) : सिंदखेडची लेक, वेरूळची सून

दुसरबीडहून जालन्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिंदखेड राजा येते. लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि मोती तलाव बहुतेक प्रवासी पाहतात. लखुजींच्या समाधीपाशी मात्र फार थोडे थांबतात. त्यांचा शेवट कसा झाला हे ठाऊक असेल, तर तिथे पाय आपोआप रेंगाळतो.

सतराव्या शतकाच्या आरंभी दख्खनेत एखादे मराठा घराणे किती वजनाचे, हे दोन गोष्टींवरून कळे : पदरी घोडी किती आणि लेकी दिल्या कुठे. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे सिंदखेडचे जाधव निजामशाहीत मातब्बर होते. वेरूळचे भोसले त्या मानाने नवे.

रंगपंचमीला लखुजींनी गमतीने ‘जोडा शोभतो’ म्हटले आणि मालोजींनी तो शब्द धरून ठेवला, ही बखरीतली गोष्ट सर्वांना पाठ आहे. गोष्ट छान आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. मालोजींच्या पत्नी उमाबाई या फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घरातल्या. म्हणजे जाधवांच्या आधीच भोसल्यांच्या ओसरीवर एक जुने, मानाचे देशमुख घराणे सोयरे म्हणून बसलेले होते. १६०५ च्या सुमारास मालोजींचे पुत्र शहाजी आणि लखुजींची लेक जिजाऊ यांचे लग्न झाले, त्यामागे थट्टेपेक्षा हा हिशेब अधिक असावा.

सोयरीक जुळली, तरी सलोखा टिकला नाही. दौलताबादेत खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. त्या गर्दीतून तलवारी निघाल्या आणि लखुजींचे पुत्र दत्ताजी व शहाजींचे चुलतभाऊ संभाजी, दोघेही मारले गेले. १६२४ मध्ये भातवडीला तर सासरे मोगलांकडून आणि जावई निजामशाहीकडून उभे होते. पुढे लखुजी निजामशाहीत परतले आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात त्यांची हत्या झाली. अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातूही त्यांच्याबरोबर मारले गेले. शहाजींनी यानंतर निजामशाही सोडून काही काळ मोगलांची चाकरी धरली.

गरोदर जिजाऊंना या धामधुमीत ठेवायचे कुठे? इथे दुसरी एक सोयरीक उपयोगी पडली. शिवनेरीचे विजयराज विश्वासराव यांची मुलगी जयंती ही शहाजी-जिजाऊंचे थोरले पुत्र संभाजीराजे यांना दिलेली होती. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजे जन्मले ते थोरल्या भावाच्या सासरच्या गडावर.

असे गुंते दख्खनेतच होते असे नाही. सुमारे दोनशे वर्षे आधी इंग्लंडच्या यॉर्क घराण्यात सेसिली नेव्हिल सून म्हणून आली. तिचा पुत्र चौथा एडवर्ड १४६१ मध्ये राजा झाला, त्यात तिचा भाचा वॉरिकचा अर्ल याचा मोठा हात होता. हाच वॉरिक पुढे उलटला, मुलगी अ‍ॅन शत्रूच्या राजपुत्राला देऊन बसला आणि १४७१ मध्ये बार्नेटला एडवर्डशी लढताना पडला. अ‍ॅनचा पहिला नवराही त्याच वर्षी मारला गेला. तिचे दुसरे लग्न झाले ते एडवर्डच्याच भावाशी, म्हणजे पुढच्या तिसऱ्या रिचर्डशी.

इतके रक्त सांडूनही जाधव-भोसले सोयरीक तुटली नाही. शिवाजी महाराजांच्या काशीबाई राणीसाहेब सिंदखेडकर जाधवांच्याच. शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांना रुस्तुमराव जाधवांची मुलगी अंबिकाबाई दिली गेली. मोहित्यांची साखळी तर आणखी घट्ट : तुकाबाई शहाजींच्या पत्नी, त्यांची भाची सोयराबाई शिवाजी महाराजांची आणि सोयराबाईंची भाची ताराबाई राजाराम महाराजांची.

हे सारे सांगणारी वंशावळ मात्र सहसा बाप-लेक-नातू एवढ्याच क्रमाने उतरते. सून कुठली, लेक कुठे दिली, हे विवाहाच्या नोंदीतून, करिन्यांतून आणि वतनाच्या कागदांतून वेचावे लागते. दुसरबीड, सिंदखेड, मेहकर भागातल्या ज्या वाचकांकडे घराण्याची जुनी वंशावळ असेल, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून प्रत्येक सुनेचे माहेर त्यात लिहून ठेवावे. पुढच्या आठवड्यात फलटणचे निंबाळकर.