सर्व्हर गप्प झाल्यावर

सर्व्हर बंद पडला की बहुतेकदा आधी अडकते ती 'डीएफ' कमांड. डिस्कवर जागा किती उरली एवढंच विचारायचं असतं, पण यादीत सर्व्हरवरून माउंट केलेली एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिमही असते आणि तिथून उत्तर आल्याशिवाय कमांड पुढे सरकत नाही. 'पीएस'च्या प्रोसेस-यादीत त्या प्रोसेसपुढे 'डी' दिसतो, म्हणजे मध्येच थांबवता न येणारी प्रतीक्षा. सीपीयू रिकामा असूनही लोड ॲव्हरेज चढत जातं, कारण लिनक्स अशा खोळंबलेल्या प्रोसेसही त्यात धरतो.

उत्तर येईपर्यंत थांबण्याचा हा हट्ट एनएफएसच्या मुळातच आहे. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली युझनिक्स परिषदेत तिची रचना मांडली. कोणता क्लायंट कुठवर आला याची नोंद सर्व्हरने ठेवायची नाही; प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असायची. मग सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी क्लायंटला फक्त तीच मागणी पुन्हा पाठवायची असते. काम जिथे थांबलं तिथून चालू होतं, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर नोंदी ठेवू लागला, पण वाट पाहणारा 'हार्ड' माउंट आजही डिफॉल्ट आहे.

कंटाळून बरेच जण 'सॉफ्ट' लावतात. ठरावीक प्रयत्नांनंतर तो प्रोग्रामला एरर देऊन मोकळा होतो. जिथे लिहिणं चालतं तिथे हे मला मुळीच पटत नाही. लिहिताना आलेली एरर न तपासणारे प्रोग्राम भरपूर आहेत; मागे उरते अर्धवट फाइल, आणि ती अर्धवट आहे हे कुणाला कळतही नाही. अडकलेलं मशीन निदान दिसतं तरी.

सर्व्हर परत येणारच असेल तर थांबावं. येणार नसेल तरच अनमाउंट. काय माउंट आहे हे '/प्रॉक/माउंट्स' वाचून पाहावं. त्यासाठी सर्व्हरला काही विचारावं लागत नाही, उलट उघड्या फाइल दाखवणारी 'एलसॉफ' स्वतःच अडकू शकते. मग अडकलेल्या प्रोसेस माराव्यात. जुन्या लिनक्सवर 'किल -९'ही अनेकदा पुरत नसे; २००८च्या २.६.२५ कर्नलपासून, मॅथ्यू विल्कॉक्स यांच्या कामामुळे, एनएफएसची वाट पाहणारी प्रोसेस मारता येते.

त्यानंतर 'यूमाउंट -एफ': तुंबलेल्या मागण्या रद्द होतात, वाट पाहणाऱ्यांना एरर मिळते. 'यूमाउंट -एल' अगदी शेवटी. तो फाइल सिस्टिमला झाडापासून तत्काळ तोडतो, पण शेवटची उघडी फाइल बंद होईपर्यंत कर्नल तिला सोडत नाही. वरून सगळं मोकळं दिसतं. त्याच जागी नवं माउंट केलं तर जुना प्रोग्राम अजून जुन्यालाच धरून बसलेला असतो, आणि त्या जुन्याला पाथच उरलेला नसल्याने आता '-एफ'ही लावता येत नाही. सर्व्हरपर्यंत न पोचलेला डेटा क्लायंटच्या मेमरीत असतो. मशीन रीबूट केलं की तो गेला.