मागे देऊन पुढे जाण्याचा खेळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतील आठवीच्या एका विद्यार्थिनीच्या मातोश्री संमतिपत्र हातात घेऊन आमच्या दालनात आल्या. मुलीची रग्बीच्या संघात निवड झाली होती आणि कागदावर पालकांची सही हवी होती. सही करण्यापूर्वी बाईंनी एकच प्रश्न केला, "सर, हा खेळ आहे की मारामारी?" आदल्या रात्री त्यांनी मोबाइलवर एक सामना पाहिला होता आणि त्यांचा जीव धास्तावला होता.

आम्हांला उत्तर देता आले नाही. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या इंदुरात आम्ही वाढलो. क्रिकेट, कबड्डी, खो-खो आणि आखाडा यांपलीकडे आमची दृष्टी कधी गेली नव्हती. "शनिवारी या," असे सांगून आम्ही बाईंना परत पाठविले आणि या वयात पुन्हा विद्यार्थी झालो. त्या अभ्यासातले थोडेफार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या खेळाचे नाव इंग्लंडातील रग्बी या गावच्या शाळेवरून पडले. 1823 साली विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता चेंडू उचलून हातात घेतला व तो धावत सुटला, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. परंतु ती एलिसच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी प्रथम लिहिली गेली, आणि तिला दुसरा भक्कम आधार नाही. शाळेतील विद्यार्थ्यांनीच 1845 मध्ये खेळाचे नियम लिहून काढले, हे मात्र निश्चित. मुलांनी स्वतः नियम करावेत आणि ते जगाने मान्य करावेत, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष रुचली.

नवख्या प्रेक्षकाला पहिला बुचकळा पडतो तो चेंडूच्या दिशेविषयी. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पुढे धावता येते, लाथेने पुढे उडविताही येतो; मात्र हाताने सहकाऱ्याकडे टाकायचा तर तो पुढे टाकता येत नाही. बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. हा एक नियम ध्यानी आला की सारा गोंधळ निवळतो. चेंडू घेऊन धावणारा गडी आपल्या संघात सर्वांच्या पुढे असतो आणि बाकीचे तिरक्या रांगेत त्याच्या मागे धावत असतात. समोरचे त्याला अडवतात, तो पडता पडता चेंडू मागच्याच्या हाती देतो, तो पुढे निसटतो आणि पुन्हा तेच. लाथेने चेंडू पुढे उडविला, तरी मारणाऱ्याच्या पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांना लगेच खेळात भाग घेता येत नाही. म्हणजे आगाऊ जाऊन वाट पाहण्याची सोय या खेळात नाही.

प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला की 'ट्राय' होतो. त्याचे गुण पाच. नंतर इंग्रजी एच अक्षरासारख्या खांबांच्या आडव्या दांडीवरून लाथेने चेंडू पार केला तर आणखी दोन. 'ट्राय' म्हणजे प्रयत्न. पूर्वी चेंडू टेकविण्याला गुणच नव्हते; त्यातून लाथ मारण्याचा प्रयत्न करण्याची संधी तेवढी मिळे. आज मूळ प्रयत्नच मोलाचा ठरला आहे. भाषेच्या अभ्यासकाला अशा शब्दांची मौज वाटते. असो.

आता बाईंच्या भीतीकडे येऊ. मारामारीत कोणालाही धरता येते. येथे ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच धरून पाडता येते. पकड खांद्याच्या खालीच हवी, आणि तीही हात वेढून. नुसता खांदा मारणे हा गुन्हा आहे. पाडल्यावर पाडणाऱ्याने पकड सोडली पाहिजे आणि पडलेल्याने चेंडू सोडला पाहिजे. कबड्डीतील पकड ज्याने पाहिली आहे त्याला हे परके वाटणार नाही. मात्र भीती अगदीच निराधार आहे असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खेळात दुखापती होतात, आणि डोक्याला बसणारा मार ही त्यांतली सर्वांत गंभीर बाब आहे. म्हणूनच अलीकडे उंच पकडीला कडक शिक्षा होते. शालेय सामन्यात मेंदूला हिसका बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूने मैदान सोडावे आणि त्या दिवशी परत येऊ नये, असा दंडक आहे. शिक्षक हा दंडक पाळतो की नाही, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

पंचाशी वाद घालण्याची येथे मुभा नाही. धिप्पाड खेळाडू पंचाला 'सर' म्हणतात, आणि त्याच्याशी बोलायचे ते बहुधा कर्णधारानेच. अर्थात हे मैदानातले झाले. मैदानाबाहेर 1988 मध्ये इंग्लंड व स्कॉटलंडच्या काही खेळाडूंनी एडिंबरोच्या रस्त्यावर एक चांदीचा चषक चेंडूसारखा उडवून चेपवून टाकला, हेही नमूद केले पाहिजे.

त्या चषकाचे नाव ऐकून आम्ही चकित झालो. 'कलकत्ता कप'! 1873 मध्ये कलकत्त्यात तेथील इंग्रजांनी रग्बीचा क्लब काढला. काही वर्षांतच सभासद रोडावले, पोलोने लोकांना ओढून नेले आणि क्लब बंद करण्याची वेळ आली. तेव्हा बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून एक चषक घडविण्यात आला. त्याच्या मुठी म्हणजे तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड या चषकासाठी झुंजत आले आहेत. आपल्याकडच्या चलनी रुपयांचे असे रूपांतर झाल्याचे आम्हांला आजवर ठाऊक नव्हते.

पूर्ण खेळ पंधरा-पंधरा गड्यांचा आणि ऐंशी मिनिटांचा. आमच्या विद्यार्थिनी खेळतात तो सात जणींचा. सात-सात मिनिटांचे दोन डाव. हा प्रकार 1883 मध्ये स्कॉटलंडातील मेलरोझ गावी निघाला, तोही क्लबची रिकामी तिजोरी भरण्यासाठी एका खाटिकाने सुचविलेला! मैदान तेवढेच, माणसे निम्म्याहून कमी. त्यामुळे अंगबळापेक्षा धाव आणि दम यांची परीक्षा अधिक. 2016 च्या ऑलिंपिकमध्ये हा प्रकार समाविष्ट झाला आणि फिजी या चिमुकल्या देशाने पुरुषांचे सुवर्णपदक जिंकले. त्या देशाचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक.

शनिवारी बाई आल्या. आम्ही कागदावर रेघा ओढून मागची तिरकी रांग समजावून दिली. दातांसाठी रबरी कवच घ्यायला सांगितले, आणि डोक्याच्या दुखापतीविषयीचा नियमही लपविला नाही. त्यांनी सारे शांतपणे ऐकले, पदराने चष्मा पुसला आणि सही केली. दारापर्यंत जाऊन त्या पुन्हा वळल्या.

"सर, ते पंचांना उलट बोलायचं नाही म्हणालात ना, ते घरीसुद्धा लागू होतं का, तेवढं तिला सांगाल?"