पहिल्यांदाच युरोप, तेही रेल्वेनं

बचत गटाच्या बैठकीत हल्ली पासपोर्टाचाही विषय निघतो. कुणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, कुणाची लेक तिकडं शिकायला असते, तर कुणी वर्षानुवर्षं पैसे बाजूला टाकून मुलांना एकदा परदेश दाखवायचा म्हणतं. तयार टूरमध्ये बारा दिवसांत सात-आठ देश होतात खरे, पण निम्मा वेळ बसमध्ये जातो. आपलं आपण रेल्वेनं फिरायचं असेल तर तयारी कशी करायची, ते आज सांगते.

आपल्या शाळांना सुट्टी मे महिन्यात असते, आणि ही वेळ युरोपासाठी उत्तम. तिकडची मोठी सुट्टी आणि गर्दी जुलै-ऑगस्टमधली. मे महिन्यात ऊन सोसवतं आणि रात्री साडेआठ-नऊपर्यंत उजेड असतो. व्हिसासाठी मात्र फेब्रुवारीपासूनच झुंबड उडते. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून डिसेंबरपर्यंत कागद तयार ठेवा आणि जानेवारीत अर्ज टाका.

आता कागदांकडे वळू. घोळ होतो तो बहुतेक बाईच्याच नावात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत नुसतं नाव आणि आडनाव, पॅनकार्डावर स्पेलिंग तिसरंच. घरातल्या पुरुषाचं नाव जन्मापासून एकच असतं, त्यामुळं त्याचा पासपोर्ट झटक्यात होतो आणि बाईचा अडकतो. मग "तू पुढच्या वेळी ये" असं ऐकावं लागतं. ते ऐकायचं नसेल तर सहल ठरायच्या आधीच आधार, पॅन आणि पासबुक एका नावावर आणून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तोही काढून ठेवा. पासपोर्टसाठी कोल्हापुरात पोस्टातच सेवा केंद्र आहे, पुण्याला जावं लागत नाही. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहान मुलांचा पाचच वर्षं, म्हणून मुलांच्या पासपोर्टावरची तारीख नीट बघा. युरोपातून परत निघायच्या दिवसानंतर तो किमान तीन महिने चालू असावा लागतो.

मुलांच्या व्हिसाला आई आणि वडील दोघांची संमती लागते. एकटीनं मुलं वाढवणाऱ्या मैत्रिणींनी पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश आधीच काढून ठेवावा. तो आयत्या वेळी मिळत नाही.

शेंगेन नावाच्या एकाच व्हिसावर युरोपातले २९ देश फिरता येतात. लंडन त्यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा. ज्या देशात जास्त रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मोठ्यांना ९० युरो फी आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, आणि सहाच्या आतल्यांना काहीच नाही. म्हणजे आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा यांचे ३१५ युरो झाले. अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. शिवाय ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो.

खात्याचा उतारा बघतात तेव्हा नुसती शिल्लक बघत नाहीत. अर्जाच्या आठ दिवस आधी नणंदेकडून आणून भरलेली मोठी रक्कम लगेच डोळ्यांत भरते. दर महिन्याला थोडी थोडी जमलेली रक्कम चांगली दिसते. त्यासाठी स्वतःच्या नावावर आवर्ती ठेव काढा. आणि एक सांगून ठेवते, सहलीसाठी गटाकडं कर्ज मागू नका. मी तरी त्या ठरावावर सही करणार नाही. ते पैसे शिलाई मशीनचे आणि म्हशीचे आहेत.

मार्ग एका रेषेत ठेवा. बारा रात्रींसाठी नमुना सांगते. विमानानं झुरिकला उतरायचं आणि चार रात्री स्वित्झर्लंडमध्ये राहायचं. तिथून रेल्वेनं मिलान. ही गाडी सव्वातीन तासांच्या आसपास घेते आणि वाटेत ५७ किलोमीटरच्या गोठार्ड बोगद्यातून जाते. मिलानला गाडी बदलून दोन तासांत फ्लोरेन्स, तिथं चार रात्री. मग दीड तासात रोम, तिथंही चार रात्री, आणि परतीचं विमान रोमहूनच. इटलीत आठ रात्री होतात, म्हणून अर्ज इटलीकडं.

रेल्वेचा युरेल पास मिळतो. चार ते अकरा वर्षांच्या मुलांचा पास मोठ्या माणसाबरोबर फुकट असतो, पण एका मोठ्यामागं दोनच मुलं. तरी वरच्यासारखे दोन-तीनच मोठे प्रवास असतील तर सुटी तिकिटं लवकर काढलेली बहुधा स्वस्त पडतात. रोज गाव बदलणार असाल तर पास परवडतो. पास असला तरी इटलीच्या वेगवान गाड्यांना जागेचं आरक्षण वेगळे पैसे भरून करावंच लागतं. स्वस्त तिकिटांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात आल्यावरच ती काढा. जानेवारीत अर्ज करा म्हणते ते यासाठीही. हॉटेल मात्र फुकट रद्द करता येईल असंच घ्या.

महालक्ष्मी एक्सप्रेसला बसवायला आपल्याकडं चार माणसं येतात. तिकडं हमाल शोधून सापडत नाही आणि मधल्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. प्रत्येकानं स्वतः जिन्यावरून उचलू शकेल एवढीच बॅग घ्यावी. आईची बॅग बाबा उचलतील हा हिशेब नको, बाबांच्या हाताला मुलगा असतो. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ असू द्या.

खाण्याचं म्हणाल तर चटणी, मेतकूट, चिवडा, भाजणी खुशाल न्या. पण दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, श्रीखंड बाद. मे महिना असला तरी लेकीसाठी हापूसची पेटी नेऊ नका, आंब्याला सरकारी तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. ताज्या कढीपत्त्याचंही तेच.

फ्लोरेन्स मी मुद्दाम घातलं. कोल्हापूरचे राजाराम महाराज, म्हणजे शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले, १८७० साली इंग्लंडला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तिथल्या नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. पुढं १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, त्यांनीच नंतर आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. जवळच्या पुलाला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. कॅशिने नावाची ही बाग तीन-साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री तिच्या पश्चिम टोकाला आहे. मुलं बरोबर असतील तर सकाळीच निघा आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या.