पाथेयविचार : तराजूवरचे लाघव आणि अग्नीवरचे लाघव

वाटेत उपयोगी पडावे म्हणून बरोबर घेतलेले अन्न म्हणजे पाथेय. मराठी माणसाने त्याला शिदोरी म्हटले आणि दशमी, धपाटे, गूळ-शेंगदाणे, लाह्या, मेतकूट असे कितीतरी पदार्थ तिच्यात बांधले. गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतील गडकोटांवर जाणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे, हिमालयातील पदभ्रमणास जाणारेही कमी नाहीत. त्यामुळे वैद्याच्या चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर एक प्रश्न वारंवार येतो : "वजनाला हलके, पण ताकद देणारे असे बरोबर काय न्यावे?" बहुधा उत्तर म्हणून च्यवनप्राशाची डबी, डिंकाचे लाडू किंवा सुक्यामेव्याची वडी पुढे केली जाते. हे उत्तर सर्वस्वी चूक नाही, परंतु ते अपुरे आहे. 'हलके' या शब्दाचे जे दोन अर्थ होतात, त्यांपैकी एकाचाच विचार त्यात झालेला असतो.

अन्नाचे वजन आणि त्यातून मिळणारी ऊर्जा यांचे गणित मांडण्याची गरज सर्वांत तीव्रतेने भासली ती दूरच्या निर्जन प्रदेशात पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्या शिकाऱ्यांना व प्रवाशांना. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोक वाळविलेले मांस कुटून त्यात वितळविलेली चरबी व क्वचित रानफळे मिसळीत. 'पेमिकन' या नावाने प्रसिद्ध असलेला हा पदार्थ पुढे तेथील लोकरी कातड्यांच्या व्यापाऱ्यांचे मुख्य पाथेय ठरला. आजही रॉकी पर्वतात एल्कच्या शिकारीस जाणारे लोक दर दिवसाची स्वतंत्र पिशवी बांधतात आणि प्रत्येक पदार्थातून दर ग्रॅमला किती उष्मांक मिळतात हे पाहून निवड करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. तथापि त्या मंडळींचे गणित मात्र गिर्यारोहणाच्या मार्गाने आपल्यापर्यंत पोहोचले आहे. ते समजून घेण्यास सोपे आहे. पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांपासून दर ग्रॅमला सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर स्नेहापासून ९. शिजलेल्या भातात दोन तृतीयांश भाग पाणीच असते. म्हणजे भाताचा डबा पाठीवर वाहणे हे मुख्यतः पाणी वाहणे होय. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ३७०, शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक आणि तुपात ९०० च्या घरात किलोकॅलरी असतात. दिवसभर चढउतार करणाऱ्या धडधाकट माणसाची गरज ३,००० किलोकॅलरी धरली, तर निवडक कोरड्या अन्नाच्या ७०० ग्रॅममध्ये ती भागू शकते.

या गणिताशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. पण ते तराजूवर संपते, आणि आयुर्वेदाचा लघु-गुरु विचार सुरू होतो तो त्यापुढे. उदाहरणार्थ पोहे व लाह्या घ्या. दोन्ही एकाच भाताचे, दोन्ही कोरडे, दोन्ही वजनाला किरकोळ. परंतु वाग्भटाने पृथुक म्हणजे पोहे गुरु, बल्य, कफकर व विष्टंभ करणारे सांगितले आहेत; लाजा मात्र लघु, दीपन, शीत आणि तृष्णा, छर्दी, अतिसार यांचे शमन करणाऱ्या सांगितल्या आहेत. तराजूला हा भेद कळत नाही. (लाह्या फार जागा व्यापतात ही तक्रार खरी आहे, त्यांचे पीठ करून नेले की ती मिटते. लाजसक्तु आपल्याला नवे नाहीत.)

चढण चढणाऱ्या माणसाच्या अग्नीची अवस्था कशी असते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. श्रमकाळात रक्ताचा ओघ स्नायूंकडे व त्वचेकडे वळतो आणि जठर व आंत्र यांच्या वाट्याला तो कमी येतो. स्निग्ध अन्न जठरात अधिक काळ रेंगाळते, हेही आधुनिक शरीरक्रियाशास्त्रास मान्य आहे. हिमालयात उंची वाढत जाते तशी भूक मंदावते आणि अतिस्निग्ध अन्नाची शिसारी येते, हा तर सर्वसामान्य अनुभव आहे. म्हणजे दर ग्रॅमला सर्वाधिक ऊर्जा देणारे जे द्रव्य, तेच चालत्या माणसाच्या अग्नीला सर्वांत अवघड. सुट्टीनंतरच्या सोमवारी आम्लपित्त, उत्क्लेश, अतिसार किंवा पिंडिकोद्वेष्टन घेऊन येणाऱ्या तरुण रुग्णास गडावर काय व केव्हा खाल्ले हे विचारून पाहावे. उत्तर पुष्कळदा चिकित्सेइतकेच उपयोगी ठरते. म्हणून पाथेयाचे दोन भाग मानावेत : चालताना घ्यावयाचे आणि मुक्कामी घ्यावयाचे. स्नेह वर्ज्य नाही, त्याची जागा मुक्कामी आहे. शेवटच्या टप्प्यात मूगडाळ भिजत घालून नेली की ती लवकर शिजते. तिची तांदळाबरोबर केलेली मऊ खिचडी आणि वर वेगळ्या बाटलीतून नेलेले तूप हा सायंकाळचा आहार विश्रांतीनंतर पचतो आणि दुसऱ्या दिवसाची तयारीही करतो.

चालतानाच्या भागात अग्रमान सक्तूंचा. भाजलेल्या यवाचे पीठ तिबेटात 'त्साम्पा' या नावाने लोण्याच्या चहात कालवून खातात. बिहारात हरभऱ्याचा सत्तू कष्टकऱ्यांचे अन्न आहे. आपल्याकडे सातूचे पीठ आहेच. सक्तु प्यायले असता तत्काळ तर्पण करतात व बल देतात, असे चरक सांगतात. वाग्भटाने त्यांना लघु व क्षुधा, तृष्णा, श्रम हरणारे म्हटले आहे. परंतु याच वाग्भटाने सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात लगेच निर्बंध घातले आहेत : सक्तु दिवसातून दोनदा घेऊ नयेत, रात्री घेऊ नयेत, जेवणावर घेऊ नयेत, दातांनी चावून खाऊ नयेत, अधिक प्रमाणात घेऊ नयेत, मध्ये मध्ये पाणी पीत घेऊ नयेत आणि नुसते घेऊ नयेत. प्रवाशाच्या दृष्टीने हे सारे निर्बंध ताडून पाहावेत. 'सत्तूवर दोन दिवस सहज निघतात' असे सांगणाऱ्याची योजना पहिल्याच दोन निर्बंधांवर कोसळते. सकाळी चढण सुरू होण्यापूर्वी किंवा माध्यान्ही, जेवणाच्या जागी, एकदा, द्रवरूपात हीच सक्तूंची वेळ व रीत होय.

दातांनी चावू नये हा निर्बंध तर आजच्या बाजाराला थेट लागू आहे. सुश्रुतांनी सक्तूंची घट्ट पिंडी गुरु व खर, तर मऊ अवलेहिका लवकर जिरणारी सांगितली आहे. हल्ली 'एनर्जी बार' म्हणून जी दाबून केलेली वडी विकली जाते, ती सुश्रुतांची पिंडीच नव्हे काय? वेष्टन चकचकीत झाल्याने तिचे गुरुत्व कमी होत नाही. धापा टाकीत अर्धी वडी चावायची आणि वर घोटभर पाणी प्यायचे, यात वाग्भटाचे दोन निर्बंध एकदम मोडतात. वडी न्यावयाचीच असेल तर ती बसून, पाण्यात कुस्करून, लेहवत् करून घेण्यास सांगावे. 'नुसते घेऊ नयेत' या सूचनेस उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात एक विलक्षण जोड सापडते. तेथे केवळ सशासारख्या चरबीहीन प्राण्याच्या मांसावर राहिलेले शिकारी पोटभर खाऊनही अतिसार व दौर्बल्याने खंगत. अन्न रूक्ष आणि एकरस असले की पोट भरते, तर्पण होत नाही. सक्तूंना शर्करा, घृत, फलरस यांची साथ सांगण्याचे इंगित यातच असावे.

आता पाण्याचा प्रश्न. अन्न कोरडे करून आपण जे वजन वाचवितो ते उसने असते. ते पाण्याच्या रूपाने कोठेतरी फेडावेच लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एप्रिल-मे महिन्यांत अनेक गडांवरील टाकी आटलेली असतात किंवा त्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही. उन्हात चढताना तासाला एक लिटरपर्यंतही स्वेद जाऊ शकतो. अशा वेळी चार लिटर पाणी वाहून नेणाऱ्याने फुटाणे, खाकरे, खारे शेंगदाणे असे रूक्ष व लवण पदार्थ भरले, तर तो तृष्णेची शिदोरीच बांधतो. एका माणसाच्या एका वेळेसाठी ५० ग्रॅम यवसक्तु, २० ग्रॅम गूळ किंवा खडीसाखर, दोन आमसुले, ग्रॅमभर सैंधव आणि ३०० मिलिलिटर पाणी हे प्रमाण पुरेसे आहे. त्यातून सुमारे अडीचशे किलोकॅलरी, स्वेदाने गेलेल्या लवणाचा काही अंश आणि पाणी, तिन्ही एकदम पोटात जातात. आमसूल म्हणजे वृक्षाम्ल. चरकांच्या संतर्पणीय अध्यायातील मंथात खर्जूर, मृद्वीका, दाडिम, परूषक, आमलक यांच्या पंक्तीला ते बसलेले आहे. कोकणातील प्रत्येक घरात मिळणारे आणि वजनाला नगण्य असे हे द्रव्य आपल्या पाथेयात सहसा दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

दिवसाच्या उरलेल्या वेळी तोंडात टाकण्यासाठी काय द्यावे, याचे उत्तर चरकांनी षड्विरेचनशताश्रितीय अध्यायात तयार करून ठेवले आहे. श्रमहर महाकषायातील दहा द्रव्ये अशी : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव आणि षष्टिक. यांतील मनुका, खारीक, चारोळी, सुकी बोरे, अनारदाणा, अंजीर ही कोणत्याही वाण्याकडे मिळतात. ती पिशवीत मिसळून नेणे यासाठी कोणत्याही परदेशी वेष्टनाची गरज नाही. बी काढलेल्या खजुराच्या दोन-तीन बिया नव्हे, गर दर तासाला, हे प्रमाण बहुतेकांना पुरते. मधुमेही प्रवाशास मात्र हे मिश्रण आणि वरील गुळाचे प्रमाण त्याची औषधे पाहूनच सांगावे. इन्सुलिन घेणाऱ्याजवळ साखर असलीच पाहिजे, पण ती रक्तशर्करा उतरल्यावरची.

ऋतूचा विचार केल्याशिवाय मात्र यांतील काहीच देऊ नये. ग्रीष्मात शीत, सशर्कर मंथ चरकांनी प्रशस्त मानला आहे. वर्षाऋतूत उदमंथ त्यांनी स्पष्टपणे निषिद्ध सांगितला आहे. आणि सह्याद्रीत सर्वाधिक गर्दी होते ती नेमकी याच ऋतूत! भिजलेल्या अंगाने, वाऱ्यात, गार पाण्यात कालवलेला सत्तू पिणे हे अग्निमांद्याला आमंत्रण होय. पावसाळ्यात लाह्यांच्या पिठाची सुंठ-सैंधव घातलेली ऊन पेज, मुगाचे कढण किंवा ऊन मऊ भाताबरोबर मेतकूट द्यावे आणि पाणी उकळलेलेच असावे. हेमंतात पुन्हा चित्र पालटते. अग्नी बलवान असतो. तेव्हा लघु, वातल अन्न, प्रमिताहार व उदमंथ या सर्वांस चरक मना करतात. डिंकाच्या लाडवाचा, गूळपोळीचा, तिळाच्या वडीचा खरा मोसम तो. तोच लाडू वैशाखात घाम गाळीत कळसूबाईची १,६४६ मीटर उंची गाठणाऱ्याच्या हाती दिला तर तो दोषी ठरत नाही, देणारा ठरतो.

मधाच्या पुड्यांची हल्ली फार चलती आहे. मध उष्ण करून, उष्ण द्रव्यासह, उष्ण काळी आणि उष्णार्त माणसास देऊ नये असे शास्त्र असताना मे महिन्यात उन्हाने तापलेल्या माणसाच्या ऊन चहात तो पिळला जातो. औषधालयातून मध देताना एवढे एक वाक्य सांगण्यास वेळ लागत नाही.

औषधालयाच्या मालकांनी असे पाथेय स्वतः सिद्ध करावयाचे ठरविल्यास काही गोष्टी सांभाळाव्यात. सक्तूंत आधीच तूप मिसळून ठेवू नये, ते खवट होते. लाह्यांचे पीठ ओल धरते, म्हणून ते हवाबंद पुडीत आणि एका वेळेच्या मापाने भरावे. पुडीवर भाजल्याची तारीख, घालावयाच्या पाण्याचे प्रमाण व ते गार की ऊन, कोणत्या ऋतूसाठी, आणि दिवसातून एकदाच, एवढा मजकूर ठळक असावा. च्यवनप्राशासारखा कल्प १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील परवान्याने बनतो. सातूचे मिश्रण हे अन्न असल्याने त्यास २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील परवाना वा नोंदणी लागते, आणि 'आयुर्वेद आहार' म्हणून विकावयाचे असल्यास २०२२ चे त्यासंबंधीचे विनियम लागू होतात. त्यांनुसार अशा आहारात जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले बाहेरून मिसळता येत नाहीत. तेव्हा प्रथिनांची भुकटी व जीवनसत्त्वे घालून 'शक्तिवर्धक सातू' तयार करण्याचा सल्ला कोणी पुरवठादार देत असेल, तर त्या पुडीवर आयुर्वेद आहाराचे चिन्ह छापण्यापूर्वी विनियमांची प्रत मागवून वाचावी.