मालिकेतील सावळी सून आणि आपली घरे

सायंकाळी सात ते रात्री दहा या वेळात कुटुंबांना भेटी देणे अवघड झाले आहे, अशी तक्रार अनेक धर्मगुरू करतात. तक्रारीत थोडी अतिशयोक्ती असेल. पण मालिकेची वेळ पाहून घरातील जपमाळेची प्रार्थना मागेपुढे सरकते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. तेव्हा मालिकांना केवळ नावे ठेवून भागणार नाही. त्या काय सांगतात आणि आपल्या घरात त्यातले काय उतरते, हे पाहिले पाहिजे.

‘स्टार प्रवाह’ वाहिनीवर २०१९ ते २०२३ या काळात ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका चालली. दीपा नावाची सावळी, गुणी मुलगी. तिच्यावर प्रेम करणारा डॉक्टर कार्तिक. आणि काळ्या रंगाचा तिटकारा असलेली सासू सौंदर्या. मूळ कथा मल्याळम मालिकेची, तेथून ती तेलुगू, मराठी अशी फिरत आली. वधूपरीक्षेत न बोलता घडणारा अन्याय या मालिकेने घराघरांत उघड बोलायला लावला, हे तिचे श्रेय मान्य करावेच लागेल. परंतु दीपाच्या भूमिकेसाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीला रंगभूषेने सावळे करण्यात आले. सावळ्या मुलीची कथा सांगतानाही सावळ्या मुलीला जागा मिळाली नाही! त्या वेळी यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे पाहू. २०११च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांतील आपल्या भगिनी शेतात राबतात, ऊसतोडीसाठी गुजरातपर्यंत जातात. त्यांचा वर्ण मातीचा आणि उन्हाचा आहे. असे असताना ‘गोरी सून’ हे स्वप्न सातपुड्याच्या पायथ्याशी कोठून आले? सगळा दोष दूरदर्शन संचाला देणे सोयीचे होईल, पण खरे होणार नाही. गोरेपणाचे मलम १९७५ पासून आपल्या बाजारात आहे. २०२० साली त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला गेला, मनातून मात्र तो निघालेला नाही. विवाहनोंदणीसाठी आलेल्या एका मुलीचे छायाचित्र आमच्यासमोर ठेवले गेले, तेव्हा समोर बसलेली तीच का, असा प्रश्न आम्हांला पडला. छायाचित्रकाराने तिचा चेहरा पिठासारखा पांढरा केला होता. “सगळ्यांचे असेच करतात, फादर,” असे तिच्या आईने सांगितले. मुलगी काही बोलली नाही.

पवित्र शास्त्रात या विषयावर काही आहे काय? आहे, आणि ते फारसे वाचले जात नाही. गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात मोशेने कूशी स्त्रीशी लग्न केल्याचे कळते. कूश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेचा प्रदेश; तेथील लोक गडद वर्णाचे म्हणून ओळखले जात. मोशेची बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन या लग्नावरून त्याच्याविरुद्ध बोलू लागले. तक्रार रंगाची होती असे शास्त्र स्पष्टपणे म्हणत नाही, आणि पुढे लगेच दोघांच्या तोंडी मोशेच्या अधिकाराविषयीची असूयाही येते. घराघरांतील भांडणे अशीच असतात: सुनेचे निमित्त, मूळ कारण वेगळेच. परंतु शिक्षा पाहावी. मिर्यामचे अंग हिमासारखे पांढरे पडले. सावळ्या वहिनीविषयी कुजबुजणाऱ्या नणंदेला पांढरा रंग असा मिळाला! (त्वचारोग हा देवाचा कोप असतो असा अर्थ यातून कोणी काढू नये, येशूने कुष्ठरोग्यांना स्पर्श केला.) मोशे मात्र सूड घेत नाही, तो बहिणीसाठी प्रार्थना करतो. सात दिवस ती छावणीबाहेर राहते आणि ती परत येईपर्यंत सगळी प्रजा मुक्काम हलवत नाही. चुकलेल्या नणंदेसाठी अवघा समाज थांबतो. आपल्या मालिकांत खलनायिकेसाठी असे कोणी थांबत नाही. तिच्यावाचून पुढचा भाग रंगणार नाही, एवढ्यापुरतीच ती हवी असते.

गीतरत्नातील वधूही सावळी आहे. भावांनी तिला द्राक्षमळे राखायला लावले, म्हणून उन्हाने ती रापली, असे ती स्वतः सांगते. आपल्या वर्णाचा आणि सौंदर्याचा उल्लेख ती एका दमात करते. त्या दोहोंना जोडणारे हिब्रू अव्यय ‘आणि’ असेही वाचता येते, ‘परंतु’ असेही. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘आणि’ घेतले, लॅटिनने ‘परंतु’. एका अव्ययात केवढा समाज दडलेला असतो, पाहा. ‘मुलगी सावळी आहे, पण छान आहे’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात लिंग, वंश, वर्ण, भाषा यांवरून होणारा भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध असल्याचे म्हटले. विवाहाबाबत ख्रिस्तसभेचा कायदा तर मालिकांच्या नेमका उलट आहे. कॅनन १०५७ प्रमाणे विवाह घडतो तो वधू-वरांच्या संमतीने. ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही, सासूही नाही. कॅनन ११०३ प्रमाणे बळजबरीने किंवा बाहेरून घातलेल्या गंभीर भयाने दिलेली संमती अवैध ठरते. लग्नापूर्वी धर्मगुरू वधू-वरांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात ते याचसाठी. काही पालकांना याचा राग येतो. येऊ द्यावा.

खर्चाच्या दडपणाविषयी थोडेच लिहितो. आदिवासी रीतीत वरपक्ष ‘देज’ देतो; त्या रीतीत कर्ज आणि भांडणे आहेतच, पण मुलगी ओझे आहे असे ती म्हणत नाही. मालिकांतले लग्न मात्र मेंदी, संगीत, रोषणाई असे आठवडाभर चालते आणि खर्च मुलीच्या बापाच्या माथी मारते. देजही राहिले आणि वर हा थाटही आला, तर दोन्ही घरे बुडतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात वधू-वरांना साध्या समारंभाचे धैर्य दाखवण्यास सांगितले आहे.

मग संच बंद करावा काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश दूरदर्शन आणि कुटुंब याच विषयावर दिला होता. काय पाहायचे ते आधी ठरवावे, पाहिलेल्या गोष्टींवर मुलांशी बोलावे आणि कधी कधी संच सरळ बंद ठेवावा, असे त्यांचे सांगणे होते. आता मालिका प्रत्येकाच्या मोबाईलवर वेगवेगळी चालते, त्यामुळे त्यातले बोलणेच आधी गळाले आहे. येत्या रविवारच्या विवाहपूर्व वर्गात आम्ही गणनाचा बारावा अध्याय मुलामुलींना मोठ्याने वाचायला देणार आहोत. सासूबाईंनाही बोलावले आहे.