मराठी पीडीएफ दस्तऐवज आणि अंध वाचक

यवतमाळ जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पुसद, वणी किंवा उमरखेड येथील विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी असलेला व्यवहार बव्हंशी संकेतस्थळावरील दस्तऐवजांतूनच घडतो. अभ्यासक्रम, वेळापत्रके, परिपत्रके ही सर्व तेथे पीडीएफ स्वरूपात ठेवली जातात. अंध विद्यार्थी हे दस्तऐवज स्क्रीन रीडर या प्रणालीकडून मोठ्याने वाचून घेतो. पृष्ठावर जे अक्षर दिसते तेच या प्रणालीला मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. मराठीच्या बाबतीत तो पुष्कळदा खोटा ठरतो.

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ साली प्रसृत केले. कोणत्याही यंत्रावर पृष्ठ जसेच्या तसे उमटावे, हा त्याचा हेतू होता. त्यामुळे कोणती आकृती पृष्ठावर कोठे बसवावयाची याची नोंद त्यात काटेकोर असते. मथळा कोणता, परिच्छेद कोठे संपला, याची नोंद मुळात नव्हती. ती उणीव २००१ च्या १.४ या आवृत्तीतील संरचनादर्शक खुणांनी, म्हणजे टॅगांनी, भरून काढली. २०१२ साली सुगम्य पीडीएफसाठी आंतरराष्ट्रीय मानकही सिद्ध झाले. परंतु या खुणा अक्षरांवर उभ्या असतात, आणि मराठीत अडचण अक्षरापासूनच सुरू होते.

युनिकोड रुळण्यापूर्वीचे कृतिदेवसारखे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. कृतिदेवमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द टंकलिखित केला की पडद्यावर तो शब्द दिसतो खरा. यंत्रात मात्र एफ, ओ, एक उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड अशी रोमन चिन्हांची माळ साठविली जाते. स्क्रीन रीडर तीच माळ वाचतो. असा दस्तऐवज अंध वाचकाच्या दृष्टीने कोरा कागदच होय. हे फॉन्ट अद्यापि अनेक कार्यालयांत व टंकलेखन केंद्रांत वापरात आहेत, कारण त्यांचा कळफलक जुन्या टंकलेखनयंत्रावर तयार झालेल्या बोटांना सोयीचा आहे. त्या सवयीस दोष देण्याचे कारण नाही. तथापि तोच कळफलक कायम ठेवून युनिकोडमध्ये लिहिता येते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

युनिकोड स्वीकारल्याने प्रश्न संपतो असेही नाही. युनिकोडात ‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चाराच्या क्रमाने दहा चिन्हांत साठविला जातो : ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या नंतर आणि रफाराचा ‘र’ ‘थ’च्या आधी. पृष्ठावर मात्र वेलांटी ‘व’च्या अगोदर दिसते आणि रफार अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. पीडीएफमध्ये साठतात त्या आकृती. आकृतीवरून मूळ चिन्हांकडे परतण्यासाठी एक कोष्टक सोबत दिलेले असते. ते अपुरे असेल तर वेलांट्या जागा बदलतात आणि जोडाक्षरे फुटतात. याची परीक्षा सोपी आहे. तयार पीडीएफमधील एक परिच्छेद उचलून साध्या मजकूर-संपादकात टाकावा आणि मूळाशी ताडून पाहावा. तो विस्कटलेला निघाला तर अंध वाचकाला तसाच ऐकू येणार, आणि शोधयंत्रालाही सापडणार नाही. शोधगंगेवरील मराठी प्रबंधांत एखादा शब्द शोधू पाहणाऱ्या डोळस संशोधकाचेही यात तितकेच नुकसान आहे.

अक्षर शुद्ध झाल्यावर रचनेचा विचार. जिल्ह्यातील सोळा तालुक्यांतील कापूस, सोयाबीन व तुरीच्या क्षेत्राचे कोष्टक घ्यावे. शीर्षक-ओळीवर खूण नसेल तर ऐकणाऱ्याच्या वाट्याला नुसते आकडे येतात. कोणता आकडा राळेगावचा आणि कोणता दारव्ह्याचा हे त्याने स्मरणात धरून ठेवावयाचे. मथळे ठळक अक्षरांनी न दाखविता शब्दसंस्कारकातील मथळ्याच्या शैलीने द्यावेत, आलेखाखाली त्याचा आशय शब्दांत लिहावा, दस्तऐवजाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी. अन्यथा वाचन-प्रणाली भलत्याच भाषेच्या उच्चाराने मजकूर वाचू शकते. शेवटी ‘छपाई’च्या आज्ञेने पीडीएफ करू नये, कारण त्यात साऱ्या खुणा गळून पडतात, टॅगांसह निर्यात करावी.

या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा येथे बोलली जाते. एमेनो यांचा तिच्यावरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. तिच्यातील ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ यांसाठी युनिकोडात स्वतंत्र चिन्हे उपलब्ध आहेत. कोलामी वेचे देणाऱ्या प्रबंधात ती वापरावीत आणि त्या वेच्यांची भाषा वेगळी नोंदवावी.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य असावा असे सांगते. २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने संकेतस्थळावरील दस्तऐवज ई-पब अथवा ओसीआर-आधारित पीडीएफ असावेत, असे म्हटले होते. त्याचा पहिला पोटनियम केवळ शिफारसवजा असल्याने मूळ अधिनियमाशी विसंगत ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. ओसीआरवर भिस्त ठेवणे मराठीत तसेही धोक्याचे आहे. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून उतरविलेल्या परिपत्रकात ‘१’ आणि ‘९’ यांची अदलाबदल झाली, तर परीक्षेचा दिवसच चुकावयाचा.

तपासणीची स्वयंचलित साधने विनामूल्य मिळतात. मात्र कोष्टक आहे की नाही एवढेच ती पाहतात. त्यातील मराठी बरोबर आहे का, हे त्यांना कळत नाही. म्हणून एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर लावून निदान पहिले पृष्ठ आणि एक कोष्टक कानांनी ऐकणे आवश्यक ठरते. हे काम एखाद्या अंध विद्यार्थ्याकडे मानधन देऊन सोपविता आले तर अधिक चांगले. जुन्या संचातील सर्वच दस्तऐवज एकदम हाती घेणे शक्य नाही. चालू अभ्यासक्रम आणि परीक्षाविषयक सूचना प्रथम घ्याव्यात, आणि प्रत्येक पीडीएफची मूळ संपादनयोग्य प्रत विभागाने जपून ठेवावी. ती हरवली की सारे टंकलेखन पुन्हा करावे लागते.