उद्याच्या चित्रात आपण कुठे आहोत?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या वर्गाला मुलांना चित्र काढायला दिले होते. विषय होता ‘चंद्रावरचे गाव’. मुलांनी मोठ्या हौसेने चित्रे रंगवली. कोणी काचेच्या घुमटातली घरे काढली, कोणी उडत्या गाड्या काढल्या. पाचवीतल्या एका मुलाच्या चित्रात मात्र कोपऱ्यात एक माणूस झाडू घेऊन उभा होता. “हे कोण रे?” असे विचारले तर म्हणाला, “पप्पा. सर, तिथंपण कचरा होणारच ना!”

सगळा वर्ग हसला. मलाही हसू आले. पण घरी आल्यावर ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना.

झाडू मारण्याच्या कष्टात कमीपणा नाही. त्याच पगारावर आपल्या कितीतरी घरांतली मुले शिकली. पण या पोराची कल्पना थेट चंद्रावर पोचली आणि तिथेही त्याने बापाच्या हाती तेच काम दिले! जातीने जे काम आपल्या माथी मारले, ते पृथ्वी सोडली तरी सुटले नाही. यात मुलाचा काय दोष? उद्याच्या जगाची जी चित्रे त्याने टी.व्ही.वर पाहिली, त्यांत त्याच्यासारखे कोणी नव्हतेच.

गोष्टीतून अग्निबाण

कोणी म्हणेल, विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ. त्याचे एवढे काय मनावर घ्यायचे? पण इतिहास वेगळे सांगतो. रशियातील त्सिओल्कोव्हस्की लहानपणी तापाने जवळजवळ बहिरा झाला. शाळा सुटली. तो ग्रंथालयात बसून आपले आपण शिकला आणि शाळामास्तर झाला. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या कादंबऱ्यांनी त्याला अंतराळाची ओढ लावली आणि १९०३ साली त्याने अग्निबाणाने अंतराळात कसे जाता येईल याचे गणित मांडले. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड याने सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीची कादंबरी वाचली. १९२६ साली द्रवरूप इंधनावरचा जगातील पहिला अग्निबाण त्यानेच उडवला. म्हणजे माणूस आकाशात गेला तो आधी गोष्टीतून.

मात्र त्या जुन्या गोष्टींत यान चालवणारे असत ते बहुधा गोरे पुरुष. बाकीच्यांनी आपला चेहरा कुठे शोधायचा?

उहुराची खुर्ची

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही टी.व्ही. मालिका सुरू झाली. तेविसाव्या शतकातले अंतराळयान आणि त्यावर संदेशवहनाची अधिकारी एक कृष्णवर्णीय स्त्री. तिचे नाव उहुरा. स्वाहिली भाषेत ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य, त्यावरून हे नाव. भूमिका करणारी नटी होती निशेल निकोल्स. त्या काळात पडद्यावर काळी बाई दिसे ती बहुतेक मोलकरणीच्या कामात. पुढे नामवंत झालेली अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग तेव्हा लहान होती. टी.व्ही.वर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही, हे पाहून आपण ओरडत घरच्यांना बोलवायला धावलो, अशी आठवण तिने सांगितली आहे.

निकोल्स मात्र नाराज होती. वाट्याला येणारे संवाद थोडे, म्हणून पहिल्या वर्षानंतर तिने मालिका सोडायचे ठरवले. त्याच सुमारास एका समारंभात तिची डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. तिने सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे डॉ. किंग म्हणाले की मालिका सोडू नकोस. तुझ्यामुळे जग आम्हाला प्रथमच बरोबरीची माणसे म्हणून पाहते आहे. ती थांबली.

पुढे १९७७ साली ‘नासा’ने अंतराळवीरांच्या भरतीच्या प्रचारासाठी हिलाच बोलावले. तोपर्यंत अमेरिकेच्या यानातून एकही स्त्री गेली नव्हती, एकही कृष्णवर्णीय गेला नव्हता. निकोल्स गावोगाव हिंडली. आठ हजारांवर अर्ज आले. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत ६ स्त्रिया आणि ३ कृष्णवर्णीय होते. हे सारे एका मालिकेने घडवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. त्यामागे वर्षानुवर्षांचा लढा होता आणि १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होता. कायद्याने दार उघडले. पण ते आपल्यासाठीही उघडले आहे, हे मनाला पटवायला उहुरा कामी आली.

ग्रंथालयातला मुलगा

त्या ३५ जणांत एक होता रोनाल्ड मॅकनेअर. दक्षिण कॅरोलायनातील लेक सिटी या गावचा. वडील मोटार मेकॅनिक, आई शिक्षिका. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, तो गावच्या ग्रंथालयात पुस्तके मागायला गेला. काळ्यांना पुस्तके मिळत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. पोरगा जागचा हलला नाही. तिथेच बसून राहिला. पोलिसांना बोलावले, आईला बोलावले. शेवटी पोलिसच म्हणाले, द्या त्याला पुस्तके. हा प्रसंग त्याच्या थोरल्या भावाने सांगितला आहे. तोच भाऊ म्हणतो, ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली तेव्हा आम्हाला ती कल्पित गोष्ट वाटली. रोनाल्डला ती घडू शकणारी गोष्ट वाटली.

हे वाचताना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भिवा कोणाला आठवणार नाही? तोच भिवा पुढे १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि मुंबईत ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांसाठी.

मॅकनेअरने पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवली. १९८४ साली तो अंतराळात जाऊन आला. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळले. त्यातील सात जणांत तोही होता. ज्या इमारतीत त्याला पुस्तक नाकारले गेले, तिथे आज त्याच्याच नावाचे स्मृतिकेंद्र आहे.

आणि उहुराला पाहून वाढलेली शिकागोची मे जेमिसन? ती केमिकल इंजिनिअर झाली, मग डॉक्टर झाली आणि १२ सप्टेंबर १९९२ रोजी अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. कामाची पाळी सुरू करताना ती उहुराचे नेहमीचे वाक्य म्हणत असे.

आपण काय करावे?

या दोघांच्या पदव्या नीट पाहा. गोष्टीने स्वप्न दाखवले, पण शिडी होती ती गणित-विज्ञानाची. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्दही हेच सांगतो. म्हणून मालिका दाखवून थांबू नका. मुलाचे नाव ग्रंथालयात घाला. विहाराच्या कपाटात धम्मग्रंथांशेजारी विज्ञानकथाही ठेवा. आपल्याला मंगळ पत्रिकेत नको, दुर्बिणीत हवा.

मराठीत डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा आहेत. २० मे २०२५ रोजी ते गेले, पण पुस्तके आहेत. त्यांनी पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला दुसऱ्याच नावाने पाठवली. नावाकडे पाहून निकाल लागू नये म्हणून. बक्षीस तिलाच मिळाले. आडनाव पाहून माणूस तोलणाऱ्या आपल्या समाजाने यातून काही शिकण्यासारखे आहे.

आणि लिहिणाऱ्या तरुणांनो, आपल्या साहित्याने कालचे दुःख जगापुढे मांडले. ते मांडायलाच हवे होते. आता उद्याचेही लिहा. मंगळावर वसाहत होईल तेव्हा तिथे आडनाव विचारले जाईल का? पाणी कोणाच्या ताब्यात असेल? हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर दुसरे कोण विचारणार?

पुढच्या रविवारी मी वर्गात मॅकनेअरची हकिकत सांगितली. तो चित्रवाला मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, “सर, आपल्या विहारात तसली पुस्तकं कधी येणार?”

पुढच्या पगाराला पाच पुस्तके आणली. आपल्या विहारात किती आहेत, ते या रविवारी कपाट उघडून पाहा.

जय भीम!